फोन आला की व्हिडिओ कॉल मुका, आणि म्हणे चूक वापरणाऱ्याची!

लिंबूटिंबू: काल इथे कुणीतरी ज्ञान पाजळलं, "ब्राउझरमधून व्हिडिओ कॉल करताना फोन विमान मोडवर टाका, वायफाय ठेवा. जमत नसेल तर ॲप घ्या." डोकंच फिरलं. आईचं लिंकवरून डॉक्टरांशी बोलणं चालू होतं, मध्येच गॅसवाल्याचा फोन. तिने कट केला. पण पलीकडे डॉक्टर "ऐकू येत नाही" म्हणतायत आणि ही हिरव्या माइककडे बघत गोळीचा डोस चौथ्यांदा विचारतेय! फोन वाजला की फोनची यंत्रणा पानाकडून माइक काढून घेते, कबूल. पण मग बटण हिरवं का?

कोडगा: कारण ते वेबपान लिहिणाऱ्याने 'एनेबल्ड' (पानाने माइक चालू ठेवलाय का) तपासलं, 'म्यूटेड' (यंत्रणेने आवाज अडवलाय का) नाही. पहिलं पानाच्या हातात, दुसरं यंत्रणेच्या. फोन आला की ट्रॅकवर, म्हणजे माइकच्या आवाजाच्या धाग्यावर, 'म्यूट' इव्हेंट (सूचना) येतो, संपला की 'अनम्यूट' यायला हवा. आयफोनवर सफारीत तो कधीकधी येतच नाही. मग पानाने गेटयूजरमीडिया या ब्राउझरच्या आज्ञेने माइक पुन्हा मागावा आणि रिप्लेसट्रॅक या आज्ञेने नवा ट्रॅक जुन्याच्या जागी बसवावा. कॉल तोडावा लागत नाही.

विमानमोड_झिंदाबाद: ज्ञान पाजळणारा मीच. आयफोनवर ॲपला 2016 पासून, म्हणजे आयओएस 10 पासून, कॉलकिट आहे, ॲपचे कॉल फोनच्या कॉलसारखे हाताळणारी सोय. फोन आणि व्हिडिओ कॉल एकाच रांगेत उभे राहतात, एक होल्डवर टाकून दुसरा घेता येतो. वेबपानाला तिथे शिरकाव नाही. पाहुण्याने पाहुण्यासारखं राहावं.

लिंबूटिंबू: डॉक्टरांनी लिंक पाठवली ती ॲप टाकायला लागू नये म्हणूनच ना?

गुहागरकर: वायफाय म्हणे! आमच्या वाडीत मोबाइल डेटावरच सगळं. विमान मोड टाकला की व्हिडिओ कॉलच खलास. माझ्या जुन्या फोनात व्होल्टे (4जीवरूनच फोनवर बोलायची सोय) नाही, त्यामुळे फोन आला की तो 4जी सोडून खाली उतरतो आणि चित्र गोठतं. तिथे तुमचा रिप्लेसट्रॅक काय करणार?

कोडगा: काही नाही. निदान पान "जोडणी तुटली, पुन्हा जोडतोय" एवढं दाखवेल आणि नेट आलं की आइस रीस्टार्ट करेल, म्हणजे त्याच कॉलसाठी नेटचा रस्ता नव्याने शोधेल.

चिंचपेटी: पण मुळात लोक न विचारता फोन करतातच का? लेक परदेशात. रविवारी अर्धा तास नातवाचं तोंड दिसतं, नेमका तेव्हाच कर्जवाला. जाहिरातीचे फोन बंद करायला 1909 वर नोंद केली, तरी येतात.

गुहागरकर: 140 ने सुरू होणारा, म्हणजे जाहिरातवाल्यांचा, नंबर मी उचलतच नाही.

चिंचपेटी: न उचलून काय, वाजला की चित्र अडकलंच! आणि कर्जवाला परवडला, नणंद नको. "सहज केला गं."

विमानमोड_झिंदाबाद: नणंदेला माझा नियम लागू करा.

चिंचपेटी: तुम्ही करून बघा. विमान मोडवरही तिचा फोन येतो.

विमानमोड_झिंदाबाद: अशक्य. काहीही ठोकून देता.

कोडगा: ठोकत नाहीत त्या. वायफाय कॉलिंग चालू असेल तर विमान मोडवरही फोन वाजतो.

विमानमोड_झिंदाबाद: ...बरं. मग वायफाय कॉलिंगही बंद करा.

लिंबूटिंबू: सत्तरीच्या बाईने?

विमानमोड_झिंदाबाद: मान्य, मान्य! बटण लाल व्हायला हवं. पेढे वाटा आता.

गुहागरकर: आणि आमचं?

विमानमोड_झिंदाबाद: तुमचं गाऱ्हाणं टॉवरवाल्याकडे. इथे कशाला भांडताय?

चिंचपेटी: मी नणंदेला सांगितलंय, आधी मेसेज टाकत जा. आता मेसेज टाकते आणि "बघितलास का?" विचारायला फोन करते.