वनवृक्षांवरील माव्याची ओळख आणि नोंद

प्रश्न: जंगलातील झाडांवरच्या माव्याच्या (झाडाचा रस शोषणाऱ्या बारीक किडीच्या) प्रजातींची नोंद मी ठेवू लागलो आहे, परंतु केवळ छायाचित्रांवरून प्रजाती निश्चित होत नाही. नमुने कसे घ्यावेत?

उत्तर १: आधी झाड अचूक ओळखावे, कारण माव्याच्या बहुतेक प्रजाती ठरावीक वनस्पतींवरच जगतात आणि झाडाचे नाव चुकले की पुढची सारी ओळख चुकते. अल्कोहोलमध्ये रंग टिकत नाही; म्हणून जिवंत वसाहतीचे छायाचित्र काढून मगच पंख असलेल्या व नसलेल्या प्रौढ माद्या ७० ते ८० टक्के इथेनॉलमध्ये ठेवाव्यात. पिल्लांवरून प्रजाती ठरवणे फार कठीण असते.

उत्तर २: खरी ओळख काचपट्टीवर, सूक्ष्मदर्शकाखाली पटते. स्पृशांचे (डोक्यावरील मिशांचे) खंड, सोंडेचा शेवटचा खंड, पोटावरील नलिकांची जोडी आणि शेपटी यांची मापे घ्यावीत. सूचिपर्णी वृक्षांवरील सिनारा या प्रजातीगटात, उदाहरणार्थ, या नलिका लांब नसून केसाळ, बुटक्या शंकूंवर असतात.

प्रश्नकर्ता: मनापासून आभार. माव्याभोवती दिसणाऱ्या मुंग्यांचीही नोंद करावी का?

उत्तर २: अवश्य करावी, शिवाय वसाहत पानावर, फांदीवर की मुळांवर होती, हेही तारखेसह लिहावे, कारण काही प्रजाती ऋतूनुसार यजमान वनस्पती (ज्यावर त्या जगतात ती) बदलतात.