कर्जमाफी नैतिक की अनैतिक? मुद्दे हवेत, उद्या सकाळी बोलायचंय

चिमणी_खानदेश: कॉलेजात वादविवाद आहे. 'सरकारी धोरणात नीती-अनीती' असं काहीतरी, मी कर्जमाफी घेतलीय. पाच मिनिटं. गूगलवरचं नको, सगळे तेच बोलणार. लवकर सांगा प्लीज.

जमाखर्च: बाजू कुठली? आणि कुठली माफी?

कोरडवाहू: केंद्राची 2008 ची घे. दोन हेक्टरपर्यंत सगळं माफ, त्यावरच्यांनी बाकीचं भरलं तर 25 टक्के सूट. म्हणजे यवतमाळचा सात एकर कोरडवाहू कापूसवाला पूर्ण माफीबाहेर, चार एकर ऊसवाला आत. एकर मोजले, पाणी कुणी मोजलं?

जमाखर्च: आणि सवय लागते त्याचं काय? बँकेत 22 वर्षं काढली. निवडणूक आली की तोंडावर सांगतात, "साहेब थांबा, माफी येतेय."

कोरडवाहू: उद्योगपतींची कर्जं निर्लेखित करता, म्हणजे बँकेच्या हिशोबातून काढून टाकता, तेव्हा सवय लागत नाही वाटतं?

जमाखर्च: निर्लेखित म्हणजे माफ नव्हे. वसुली चालू असते.

कोरडवाहू: किती होते तेही सांगा ना.

निवांत_काका: मुळात कर्ज काढताच कशाला? देशी गाय पाळा, जीवामृत वापरा. माझ्या गच्चीवरचे टोमॅटो बघायला या.

चिमणी_खानदेश: काका 🙏 प्रतिकूल बाजू आहे, लिहायचं राहिलं. आमचे पप्पा दरवर्षी वेळेवर भरतात. 2017 ला राज्याच्या माफीत शेजाऱ्यांचे दीड लाख माफ, नियमितवाल्यांना जास्तीत जास्त 25 हजार. हेच ठणकावून सांगणार आहे.

गटसचिव: ताई, पप्पा नवं-जुनं करतात का ते विचार आधी. मार्चअखेर अडत्याकडून, म्हणजे बाजारातल्या दलालाकडून, चार दिवसांसाठी पैसे आणायचे, पीककर्ज देणाऱ्या गावच्या सोसायटीत भरायचे, नवं कर्ज उचललं की त्याचे त्याला परत. आमच्याकडे बरेच 'नियमित' असेच.

चिमणी_खानदेश: विचारलं. करतात. चार दिवसांचे शेकडा दोन रुपये. म्हणाले, "तुला कशाला सांगायचं ते." आता प्रतिकूल कसं बोलू?

निवांत_काका: बाजू बदलून माग.

चिमणी_खानदेश: चिठ्ठी टाकून मिळालीय. नाही बदलत.

गटसचिव: मग प्रतिकूलच बोल. माफी फक्त ठरल्या तारखेला थकलेलं कर्ज बघते. अडत्याचं देणं कुठल्याच यादीत येत नाही.

चिमणी_खानदेश: हे घेते. पप्पांचं नाव न घेता.