‘बर्सर्क’मधील कोणते पात्र आपल्या स्वभावाशी जुळते, हे कसे ओळखावे?

निशाचर (प्रश्न)

केंतारो मिउरा यांच्या ‘बर्सर्क’ या मांगावर (जपानी चित्रकथेवर) आधारित १९९७ सालची २५ भागांची अॅनिमे (जपानी चलच्चित्र) मालिका मी नुकतीच पाहून संपवली आणि आता मूळ मांगा वाचायला घेतली आहे. आमच्या मित्रमंडळींत सध्या ‘तुम्ही कोणते पात्र आहात’ हे सांगणाऱ्या प्रश्नमंजूषांचे पेव फुटले आहे. त्यांतील एकीने मला भाडोत्री योद्धा गट्स ठरवले, तर दुसरीने त्याचा सेनापती ग्रिफिथ. ज्यांच्या वैरावर ही सारी कथा उभी आहे ते दोघेही एकाच माणसाच्या वाट्याला येत असतील, तर दोष माझ्या स्वभावाचा नसून मोजपट्टीचा असावा. आवडता रंग, तलवार की धनुष्य, एकांत की गर्दी, असलेच प्रश्न दोन्हीकडे होते. या कथेतील पात्राशी स्वतःला ताडून पाहायचे झाल्यास नेमके काय लक्षात घ्यावे? उत्तर थट्टेवारी नेऊ नये, ही विनंती.

दीपमाळ

तुमची शंका रास्त आहे. रंग आणि शस्त्र हा पात्रांचा पेहराव झाला. स्वभाव दिसतो तो माणूस माणसाशी कसा वागतो त्यात. ग्रिफिथची भाडोत्री सैनिकांची टोळी रेखाटताना मिउरा यांनी स्वतःच्या विद्यार्थिदशेतील मित्रमंडळींचा आधार घेतला होता, हे त्यांनी मुलाखतींत सांगितले आहे, आणि म्हणूनच राक्षस, शाप, तलवारी हे सगळे वगळले तरी या कथेचा गाभा मैत्रीच्या हिशेबाचाच उरतो.

प्रोमरोझ महालातील रात्र आठवा. ग्रिफिथच्या सांगण्यावरून गट्सने ग्रिफिथचा दरबारी वैरी ज्युलियस याचा खून केला आहे, त्या गडबडीत ज्युलियसचा लहान मुलगाही त्याच्या तलवारीखाली आला आहे, आणि जखमी होऊन परतलेल्या गट्सच्या कानावर ग्रिफिथचे बोलणे पडते. ग्रिफिथ राजकन्या शार्लटला सांगत असतो की, जो दुसऱ्याच्या स्वप्नावर जगत नाही, ज्याचे स्वतःचे स्वप्न आहे आणि त्यासाठी प्रसंगी जो माझ्याविरुद्धही उभा राहील, अशा बरोबरीच्या माणसालाच मी मित्र म्हणेन. गट्स तेथे वाद घालत नाही, जाब विचारत नाही. पुढे योग्य वेळ पाहून तो टोळी सोडतो. आता ग्रिफिथची बाजू पाहा. एक माणूस निघून जातो, बर्फातील द्वंद्वात ग्रिफिथची तलवार मोडते, आणि इतकी वर्षे थंड डोक्याने पट मांडणारा हा सेनापती त्याच रात्री राजकन्येच्या दालनात शिरून सर्वस्व घालवून बसतो.

तेव्हा स्वतःला दोनच गोष्टी विचाराव्यात. ज्याला आपण मानतो त्याच्या लेखी आपण बरोबरीचे नाही, असे कळले तर आपण काय करू? आणि ज्याला आपण गृहीत धरले होते तो निघून गेला, तर आपले काय होईल? पहिल्या प्रश्नाने गट्सची पारख होते, दुसऱ्याने ग्रिफिथची.

रानपाखरू

दीपमाळ यांचे विवेचन पटले, पण या दोघांच्या पलीकडे कोणी पाहतच नाही, ही माझी जुनी तक्रार आहे. ग्रिफिथ कैदेत पडल्यावर संपूर्ण वर्षभर, राजद्रोही ठरलेल्या आणि रोज पाठलाग होणाऱ्या टोळीला एकत्र ठेवले ते टोळीतील स्त्री-सेनानी कास्काने. आणि टोळीतलाच जुदो? आपल्याला सगळेच थोडेफार जमते, परंतु एकाही गोष्टीत आपण सर्वोत्तम नाही, हे ओळखून जो सर्वोत्तम वाटला त्याच्यामागे तो चालू लागला. कास्कावरचे प्रेम त्याने अखेरपर्यंत मनातच ठेवले आणि तिला वाचवता वाचवता प्राण सोडला. स्वतःला गट्स म्हणवणाऱ्या शंभरांपैकी बहुतेक जण प्रत्यक्षात जुदो असावेत, असे माझे मत आहे, आणि त्यात कमीपणा काहीच नाही. प्रश्नमंजूषा मात्र जुदो हे उत्तर सहसा देणार नाहीत, कारण ते चित्र कोणी अभिमानाने आपल्या पानावर लावणार नाही.

अर्धविराम

मानसशास्त्राच्या बाजूने थोडेसे. १९४८ साली बर्ट्रम फोरर या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने आपल्या ३९ विद्यार्थ्यांना व्यक्तिमत्त्वचाचणीचा निकाल म्हणून प्रत्यक्षात एकच मजकूर दिला, आणि तोही बहुतांशी ज्योतिषाच्या पुस्तकातून उचललेला. तो आपल्याला किती लागू पडतो यावर विद्यार्थ्यांनी पाचपैकी सरासरी ४.२६ गुण दिले. ‘तुम्ही वरून कठोर, पण आतून हळवे आहात’ हे वाक्य गट्सखाली छापा किंवा ग्रिफिथखाली, वाचणारा मान डोलावणारच. जपानमध्ये रक्तगटावरून स्वभाव सांगण्याची प्रथा आहे. ताकेजी फुरुकावा यांनी १९२७ मध्ये ती कल्पना मांडली, मासाहिको नोमी यांच्या १९७१ च्या पुस्तकाने ती घरोघरी पोहोचवली, आणि आजही अनेक अॅनिमे-पात्रांच्या अधिकृत परिचयात रक्तगट दिलेला असतो. शास्त्रीय आधार तिलाही नाही.

कोजागिरी

विषय ‘बर्सर्क’चा असला तरी २०११ च्या ‘मादोका मागिका’ या अॅनिमे मालिकेतील एक प्रश्न येथे चपखल बसतो. तेथे जादूगार मुलगी होण्याच्या बदल्यात एक वर मिळतो. सायाका या मुलीला आपल्या व्हायोलिनवादक मित्राचा जायबंदी हात बरा व्हावा म्हणून वर मागायचा असतो. त्यावर आधीपासून जादूगार असलेली मामी तिला विचारते, की त्याचे स्वप्न पुरे व्हावे अशी तुझी इच्छा आहे, की त्याचे स्वप्न पुरे करणारी उपकारकर्ती तुला व्हायचे आहे? सायाका वर मागते, हात बरा होतो, आणि तिचा पुढचा सगळा ऱ्हास या प्रश्नाचे प्रामाणिक उत्तर न दिल्यामुळे होतो. (‘बर्सर्क’मध्ये हिंसा आणि लैंगिक अत्याचार अतिशय उघडपणे दाखवले आहेत, हे नव्या वाचकांनी ध्यानात ठेवावे.)

निशाचर

सर्वांचे आभार. दीपमाळ यांचे प्रश्न स्वतःला लावून पाहिले. आमच्या एकांकिकेचा दिग्दर्शक स्पर्धेच्या तोंडावर संघ सोडून गेला, तेव्हा मी त्याच्या मागेही गेलो नाही आणि कोसळलोही नाही. तालमीच्या खोलीची किल्ली माझ्याकडे होती. प्रकाशयोजनेची वही, वर्गणीचा हिशेब आणि रुसलेले दोन नट, हे सगळे मीच सांभाळले. म्हणजे मी कास्का ठरतो काय?

रानपाखरू

कदाचित; पण एक कसोटी शिल्लक आहे. वर्षभराने गट्स परतला तेव्हा कास्काने त्याचे स्वागत केले नाही. ती तलवार उपसून त्याच्यावर धावून गेली आणि ग्रिफिथचा सर्वनाश तुझ्यामुळे झाला, असे तिने त्याला तोंडावर सुनावले. टोळी सांभाळताना तिने ते सारे मनात दाबून ठेवले होते. तुमचा दिग्दर्शक उद्या तालमीच्या दारात येऊन उभा राहिला, तर तुम्ही किल्ली त्याच्या हातात द्याल काय?