मदत हवी आहे: भिजलेलं जनरल रजिस्टर आणि पांगलेली मुलं

नमस्कार मंडळी. मी माढा तालुक्यात सीनेकाठच्या एका गावात शिक्षक आहे. सप्टेंबर 2025 च्या पुरात शाळेत पाणी शिरलं. चिखल गावकऱ्यांनी फावड्यांनी काढला. खिचडीचा तांदूळ गेला, त्याचं एवढं नाही. पण जनरल रजिस्टर, म्हणजे शाळेत दाखल झालेल्या प्रत्येक मुलाची नोंदवही, कपाटाच्या खालच्या कप्प्यात होतं! (चूक आमचीच.) पानं एकमेकांना चिकटलीत, शाई पसरलीय, सोडवायला गेलं की कोपराच हातात येतो. उन्हात ठेवू की सावलीत, पंख्याखाली? मध्ये टीपकागद घालून कुणी असं रजिस्टर वाचवलंय का?

दुसरं, काही मुलं मामाच्या, आत्याच्या गावी गेलीत. आठवीपर्यंत दाखल्यावाचून प्रवेश अडवता येत नाही, आरटीई (शिक्षण हक्क) कायद्यात तसं स्पष्ट आहे, त्यामुळे त्यांचं निभतंय. बालभारतीची पुस्तकं पीडीएफमध्ये मिळतात खरी, पण घरात मोबाईल एकच, तोही दिवसभर वडिलांबरोबर. अडलंय ते गावातल्या दहावीच्या दोन मुलींचं. घर पडलंय, परीक्षेपर्यंत बार्शी किंवा सोलापुरात राहायची सोय हवी. मुलींचं खात्रीचं वसतिगृह माहीत असेल तर कळवा. वह्या मात्र नकोत, वह्या ढिगाने आल्यात.