‘पेलत नसेल तर पिऊ नये’ म्हणणाऱ्यांना माझं उत्तर

डिलाईल रोडची लेक
परवा अंधेरीकरांनी लिहिलं, "दारू वाईट नसते, पिणारा कच्चा असतो. ज्याला पेलत नाही त्याने पिऊ नये. मी माझ्या पैशाने घेतो, दुसऱ्याच्या पोटात का दुखावं?" खाली सगळ्यांच्या टाळ्या. दोन दिवस गप्प बसले, आता राहवत नाही.

माझ्या बाबांना पेलायची. सुरुवातीला क्वार्टर, मग दोन, तरी चाळीच्या पॅसेजमधून सरळ चालत यायचे. मित्र कौतुक करायचे, "काय कपॅसिटी आहे!" पुढे डॉक्टरांनी सांगितलं, आधीपेक्षा जास्त लागणं आणि तरी न चढणं हीच व्यसन जडल्याची खूण. म्हणजे ज्याचं कौतुक चाललं होतं तोच आजार होता.

आमच्या जिन्याची सातवी पायरी सैल होती. ती कशी वाजते त्यावर आई ठरवायची, ताट वाढायचं की आम्हा दोघींना शेजारच्या काकूंकडे पाठवायचं. आज पन्नाशीला आले, लिफ्टच्या इमारतीत राहते. तरी रात्री जिन्यात पाऊल वाजलं की श्वास धरते. हे कोणाच्या पैशाने झालं?

अंधेरीकर
ताई, वाईट वाटलं. पण एका घरावरून सगळ्यांना झोडू नका. मी शनिवारी दोन पेग घेतो, घरात आवाज चढत नाही. आणि उपाय काय, बंदी? मालवणीत २०१५ मध्ये शंभरावर माणसं गेली ती दुकानातल्या सीलबंद बाटलीने नाही, मिथेनॉल मिसळलेल्या गावठीने. दारूबंदीच्या काळात याच मुंबईत आन्टीचे चोरट्या दारूचे अड्डे गल्लोगल्ली होते, हे तुमच्या आईलाही माहीत असेल. २०२५ मध्ये राज्य सरकारने भारतीय बनावटीच्या विदेशी मद्यावरचा (व्हिस्की, रम वगैरे) कर वाढवला. हातावर पोट असलेला माणूस सोडत नाही, स्वस्तातलं शोधतो.

डिलाईल रोडची लेक
मी बंदी हा शब्द लिहिलाच नाही. आणि एक घर कसलं? केंद्र सरकारच्या २०१९ च्या पाहणीत देशात १६ कोटी पिणारे निघाले, त्यातले ५.७ कोटी असे की ज्यांना मदत लागते. तिघांतला एक. तुमच्या शनिवारच्या टेबलावर किती जण असतात?

विरार फास्ट
मूळ कारण कोणी बोलत नाही. गिरणी संपानंतर सगळं गिरणगाव गुत्त्यावर बसलं. हातपाय हलवायचे सोडून पीत बसले आणि जागा गमावल्या.

जुना गिरणगावकर
थांबा. १८ जानेवारी १९८२ ला अडीच लाख कामगार बाहेर पडले ते गुत्त्यावर जायला नाही. माझ्या वडिलांनी थेंब घेतला नाही. दादरला भाजी विकली, मग कोकणात जाऊन दुसऱ्याच्या शेतात राबले. गिरण्यांच्या जमिनीला सोन्याचा भाव आला आणि गिरण्यांची धुराडी पडली, त्याचं खापर कामगाराच्या बाटलीवर फोडता? आज तिथल्याच टॉवरमध्ये पिणाऱ्याला ‘सोशल ड्रिंकर’ म्हणतात आणि आमच्या माणसाला बेवडा!

विरार फास्ट
भावनिक होऊ नका. मी पाहिलंय. माझे सख्खे काका लिव्हर जाऊन गेले, वय ४१.

जुना गिरणगावकर
काका तुमचे. गिरणगाव आमचं. दोन्ही एक करू नका.

डिलाईल रोडची लेक
यात मला दोन्हीकडचं बोलणं टोचतंय. माझे बाबा संपाआधीही प्यायचे. पगाराच्या दिवशी आई गिरणीच्या गेटबाहेर उभी असायची, पाकीट हाती लागावं म्हणून. संपाने व्यसन दिलं नाही. पण काम गेल्यावर दुपारही प्यायला मोकळी झाली. हेही खरं आणि तेही.

आजचा दिवस
मी स्वतः मद्यपी, चौदा वर्षं झाली थांबून. ‘इच्छाशक्ती हवी’ म्हणणाऱ्यांसाठी सांगतो. गणपतीसमोर नारळावर हात ठेवून शपथ घेतली आणि एका रात्रीत बंद केली. तिसऱ्या दिवशी हातात कप धरवेना. भिंतीवर मुंग्यांची रांग दिसायला लागली, मी चादरीने झटकत होतो. भिंत कोरी होती. घरच्यांना वाटलं बाहेरचं काही लागलं. शेजारच्या नर्सताईंनी ओळखलं म्हणून इस्पितळात पोचलो. रोज भरपूर पिणाऱ्याने डॉक्टरशिवाय अचानक सोडली तर जीव जाऊ शकतो. कृपा करून कोणाला खोलीत कोंडून शपथा घालू नका. मी पुढे टिकलो तो ए.ए.च्या, म्हणजे दारू सोडू पाहणाऱ्यांच्या ‘अल्कोहोलिक्स अॅनॉनिमस’ गटाच्या सभांमुळे. घरच्यांसाठी अल-अनॉनच्या सभा असतात, बायको आधी तिथे गेली, मी नंतर सुधारलो.

आणि अंधेरीकर साहेब, जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये स्पष्ट म्हटलंय, दारूची निर्धोक अशी मात्रा नाही. कॅन्सरची कारणं म्हणून तंबाखू ज्या गटात, त्याच गटात दारू.

अंधेरीकर
बंदीबद्दल माझं मत तेच. पण पेलण्याचा मुद्दा डोक्यातून जात नाहीये. दहा वर्षांपूर्वी मला एकात पुरायची, हे मान्य करतो. ‘पिणारा कच्चा’ हे वाक्य मागे घेतो. बाकी एक अक्षर नाही.

डिलाईल रोडची लेक
तेवढं पुरे. फक्त पुढच्या शनिवारी दार उघडताना मुलं तुमच्या हातातल्या पिशवीकडे बघतात की चेहऱ्याकडे, ते बघा.

जुना गिरणगावकर
आणि ‘सगळं गिरणगाव’ कोण मागे घेणार?

विरार फास्ट
‘सगळं’ घेतो मागे. काकांचं नाही घेऊ शकत.