'संवैधानिक नैतिकता' की 'सांविधानिक नीतिमत्ता'?

मुक्ता: न्यायालयीन निकालांच्या बातम्यांत 'संवैधानिक नैतिकता' सारखं दिसतं. शब्द बरोबर आहे का? आणि अर्थ 'घटनेप्रमाणे वागणं' एवढाच?

दाते: 'इक' लागला की पहिल्या स्वराची वृद्धी होते: समाज–सामाजिक, तसं संविधान–सांविधानिक. 'संवैधानिक' हिंदीच्या वाटेने आलाय. घटनेच्या मराठी प्रतीत अनुच्छेद २५ मध्ये 'नीतिमत्ता' आहे, हिंदीत त्याच जागी 'सदाचार'. म्हणून 'सांविधानिक नीतिमत्ता'.

केदार: शुद्धलेखन ठीक, पण खरा घोळ अर्थाचा आहे. ४ नोव्हेंबर १९४८ ला संविधान सभेत डॉ. आंबेडकरांनी ही संज्ञा इतिहासकार ग्रोटच्या हवाल्याने वापरली. तिथे ती आचाराबद्दल आहे: घटनेने घालून दिलेली रीत पाळायची, त्या रीतीने आलेल्या सत्तेचं ऐकायचं आणि तिच्यावर उघड टीकाही करायची. ही वृत्ती उपजत नसते, जोपासावी लागते. म्हणून कारभाराचे तपशीलही घटनेतच घातलेले बरे, असा त्यांचा युक्तिवाद होता.

पुढे समलैंगिक संबंधांना गुन्हा ठरवणाऱ्या कलम ३७७ वर दोन निकाल आले: २००९ चा दिल्ली उच्च न्यायालयाचा (नाझ फाउंडेशन खटला) आणि ६ सप्टेंबर २०१८ चा सर्वोच्च न्यायालयाचा. त्यांत तीच संज्ञा कायदा तपासण्याचा मापदंड झाली: लोकांच्या नीतिकल्पना नव्हे, घटनेची मूल्यं बघायची. राज्यपाल विधेयक अडवून बसले अशी तक्रार असेल तर पहिला अर्थ. कायदाच तपासला जात असेल तर दुसरा. एका लेखात दोन्ही मिसळले की दोन्ही बाजू भलत्याच मुद्द्यावर भांडत बसतात.

मुक्ता: आणि 'अनैतिक'? लाच घेतली की 'गैरव्यवहार', 'अनैतिक' मात्र फक्त संबंधांना!

दाते: आक्रसलाय खरा तो शब्द. 'अनैतिक व्यापार' म्हणजे कुणी भेसळ समजत नाही, वेश्याव्यवसायच समजतात. उलट 'नैतिक जबाबदारी' मध्ये अर्थ 'दोष माझा नाही, पण खातं माझं' असा. १९५६ च्या अरियलूर रेल्वे अपघातानंतर तेव्हाचे रेल्वेमंत्री लालबहादूर शास्त्रींनी दिलेला राजीनामा त्याच अर्थाचा. हल्ली तो शब्द विरोधकांच्याच तोंडी जास्त.

केदार: महाराष्ट्राच्या डान्स बारवरचा १७ जानेवारी २०१९ चा सर्वोच्च न्यायालयाचा निकालही बघा. परवान्यासाठी अर्जदाराचं 'चांगलं चारित्र्य' ही अट संदिग्ध म्हणून गेली. टिप देण्यावरची बंदी उठली, नोटा उधळण्यावरची राहिली. उधळणं डोळ्यांना दिसतं. चारित्र्य कशावरून ठरवायचं, ते नियमात नव्हतं.

मुक्ता: मग माझ्या लेखाच्या शीर्षकात काय लिहू?

दाते: 'सांविधानिक नीतिमत्ता'. फक्त पहिल्याच परिच्छेदात सांगा, १९४८ ची की २०१८ ची.