बोरलॉगच्या जन्माआधीच गेलेल्या जीनचं खापर हरितक्रांतीवर का?

सहाबी
काल 'आजीची चूल' यांनी लिहिलं की जुन्या गव्हात प्रथिनं ठासून भरलेली होती, साठच्या दशकात मेक्सिकोचे बुटके गहू आले, शास्त्रज्ञांनी उत्पन्नापायी प्रथिनांचा जीनच काढून टाकला, आणि तेव्हापासून आपण पोळीच्या नावाखाली कागद खातोय. खाली अंगठ्यांची रांग. मी गप्प बसणार होतो, पण रात्री झोप लागेना.

ज्या जीनचा एवढा शोक चाललाय तो जीपीसी-बी१. जागा ६बी गुणसूत्राचा आखूड बाहू. इस्राएलमधल्या जंगली एमर या प्राचीन गव्हातून तो हाती लागला आणि २००६ मध्ये कॅलिफोर्नियातल्या दुब्कोव्स्कींच्या गटानं तो नेमका कोणता ते शोधून काढलं. तो दाण्यात प्रथिनं तयार वगैरे करत नाही, पानांना म्हातारं करतो. पान लवकर पिवळं पडलं की त्यातला नत्र, लोह, जस्त ओंबीकडे निघतं. त्याच प्रयोगात या घराण्यातल्या जीनांचा आवाज दाबला, तर पानं तीन आठवड्यांहून जास्त हिरवी राहिली आणि दाण्यातली प्रथिनं ३० टक्क्यांहून जास्त घटली.

आता 'काढून टाकला' याबद्दल. लंडनच्या १८६२ च्या प्रदर्शनात मांडलेले गव्हाचे दाणे अजून जपून ठेवलेले आहेत. त्यांचा डीएनए काढून पाहिला तर बहुतेकांत हा जीन तेव्हाच बंद होता. हरितक्रांतीचे जनक बोरलॉग जन्मले १९१४ मध्ये. बुटकेपणाचे जीन तर ४बी आणि ४डी गुणसूत्रांवर बसतात, त्यांचा याच्याशी शेजारधर्मसुद्धा नाही. मग काढला कोणी? बोरलॉगच्या पणजोबांनी?

आजीची चूल
आम्ही जीन बघत नाही, पोट बघतो. माझ्या सासूबाई खपलीची खीर एक वाटी खायच्या आणि दुपारी चारपर्यंत भुकेचं नाव नाही. आता चार पोळ्या खाऊन अकराला बिस्किटं लागतात. आणि तुम्ही शिताफीनं एक गोष्ट टाळलीत. दाणे दुप्पट झाले आणि प्रथिनं तेवढीच राहिली, तर टक्का घसरणारच ना? दुधात पाणी घातल्यावर 'म्हशीचा जीन तोच आहे' म्हणून भैया सुटतो का?

सहाबी
उत्पन्न वाढलं की प्रथिनांचा टक्का उतरतो, हे मान्य. जगभर हेच दिसतं. पण त्याला पातळ होणं म्हणतात, चोरी नाही. एकरी एकूण प्रथिनं मोजलीत तर आजचा गहू पुढेच आहे.

आजीची चूल
मी एकर खात नाही. मी पोळी खाते.

नांगरफाळ
दोघांच्या भांडणात शेतकरी कुठंय? निफाड तालुक्यात माझा गहू असतो. मागं कृषीवाल्यांनी सांगितलं म्हणून फुलोऱ्यात दोन टक्के युरियाची फवारणी घेतली, प्रथिनं वाढतात म्हणे. भाच्याच्या ओळखीनं एका मैदा मिलच्या प्रयोगशाळेत दाणा तपासला, १३.१ आलं. छाती फुगवून कागद घेऊन बाजारात गेलो. व्यापाऱ्यानं मूठभर गहू तळव्यावर घेतला, फुंकर मारली, एक दाणा दाताखाली कडकन फोडला, म्हणाला, "चमक नाय." कागद उलटा करून त्याच्यावरच वजनाचा हिशोब मांडला. माझा टक्का त्या हिशोबाच्या मागं राहिला.
सरकारी खरेदीत ओलावा बघतात, खडा-माती बघतात, चिमलेला दाणा बघतात. प्रथिनं कोणी बघत नाही. २०२५-२६ च्या खरेदी हंगामात हमीभाव क्विंटलला २,४२५ होता. आठ टक्क्याला तोच अन् चौदाला बी तोच. मग तुमचा जीन मी कशासाठी पेरू? फवारणीची मजुरी तुम्ही देणार का?

प्रेअरीवासी
सस्कॅचवानमधून लिहितोय. इथे धान्य उतरवायला गेलं की पाच मिनिटांत यंत्र प्रथिनं सांगतं आणि भाव त्याप्रमाणे ठरतो. सहाबींचा हाच जीन 'लिलियन' नावाच्या वाणात आहे. पश्चिम कॅनडात काही वर्षं सर्वाधिक पेरा त्याचाच होता. सोबत तांबेरा रोगाला रोखणारा वायआर३६ हा जीनही शेजारीच असल्यामुळे आपोआप आला. तेव्हा 'प्रथिनं वाढवली की शेतकरी बुडतो' हे खरं नाही.

नांगरफाळ
तिकडं मे मधे पेरता ना? आमच्याकडं फेब्रुवारीत ऊन तापलं की पान आपोआप म्हातारं होतं, त्याला जीनची गरज नाही. पान आणखी आठ दिवस आधी वाळवणारा जीन मला द्याल तर दाणा भरायच्या आत चिमलंल. चिमलेल्या दाण्यात बी प्रथिनांचा टक्का जास्तच येतो बरं का. स्टार्चच भरलेला नसतो. कोंबड्यांना चांगला.

प्रेअरीवासी
हे मात्र खरं आहे. लिलियनचा पेरा वाढायचं मोठं कारणही प्रथिनं नव्हतं, भरीव काडी होतं. काडी पोखरणाऱ्या करवतमाशीला पोकळ काडी आवडते.

नांगरफाळ
म्हणजे आधी एक सांगायचं, मग पोटात दडवलेलं हळूच काढायचं. एनआरआय शोभता.

कणीकतिंबी
अहो पण एवढी प्रथिनं हवीत कोणाला? वीस वर्षं पोळ्यांची ऑर्डर घेते, दिवसाला तीनशे. 'हाय प्रोटीन' लिहिलेलं पीठ आणलं होतं. कणीक तिंबली, अर्धा तास झाकून ठेवली, तरी लाटली की पोळपाटावर मागे सरकायची, जणू रबर. तव्यावर फुगली झकास, पण दुपारी डबा उघडला तर वातड. गिऱ्हाईकाचा फोन: "काकू, आज चामडं दिलंत का?"

सहाबी
हा मुद्दा लाखाचा आहे. प्रथिनं किती यापेक्षा कोणती हे महत्त्वाचं. ग्लू-डी१ या ग्लुटेनच्या जीनच्या जागी '५+१०' ही प्रथिनांची जोडी असेल तर कणकेला ताण येतो, पावाला उत्तम. पोळीला मध्यम, जरा नरम ग्लुटेनच लागतं. सी-३०६ हे जुनं वाण अजून पोळीचा राजा मानतात तो त्यामुळेच.

कणीकतिंबी
राजा-बिजा राहू दे. लोकवन घ्या, शरबतीचा चौथा हिस्सा मिसळा, गिरणीवाल्याला बारीक दळायला सांगा आणि दळण गरम असताना डबा बंद करू नका.

आजीची चूल
शरबती म्हणजे तोच ना, गॅमा किरण मारून बनवलेला? तो पोरांना घालता?

सहाबी
नाही!! तो 'शरबती सोनोरा', सोनोरा ६४ या मेक्सिकोच्या बुटक्या गव्हावर किरण सोडून केलेला. त्यात लायसिन (प्रथिनांतला एक आवश्यक घटक) जास्त असल्याचा डांगोरा पिटला गेला आणि पुढे त्या दाव्यावरून मोठा वाद झाला. बाजारात शरबती म्हणून मिळतो तो मध्य प्रदेशातल्या सीहोरकडचा, बहुतेक सी-३०६ च्या जातकुळीतला. नाव एक, गहू दोन.

पोळपाटलाटणं
शरबती मिसळून पोळी मऊ होते हा गैरसमज आहे. चपाती मऊ होते ती पाण्यानं आणि हातानं. आमच्या कोल्हापुरात नुसत्या लोकवनची चपाती दुसऱ्या दिवशीसुद्धा हातानं तुटते.

कणीकतिंबी
चपाती म्हणजे ती घडीची, तेल ओतलेली? मी पोळीबद्दल बोलतेय.

पोळपाटलाटणं
झालं सुरू पुणेरी. पोळी म्हणजे पुरणाची. बाकी सगळी चपाती. दिवसाला तीनशे लाटता आणि नाव ठाऊक नाही?

कणीकतिंबी
पैसे घेऊन लाटते हो, तुमच्यासारखी फुकट शिकवण्या देत नाही.

*(इथले अकरा प्रतिसाद पोळी, चपाती आणि एकमेकांचं माहेर या विषयांवर असल्याने वेगळ्या धाग्यात हलवले आहेत. – व्यवस्थापक)*

चिमटा
पाकिटावरच्या आकड्याबद्दल एक. प्रथिनं थेट मोजत नाहीत, नत्र मोजून गुणतात. गव्हाला ५.७ नं गुणायचं असतं, सरसकट ६.२५ नं नाही. दोन टक्के नत्र असेल तर एकानं ११.४ येतं, दुसऱ्यानं १२.५. पीठ तेच, आकडा फुगला. तुमची पोळी, सॉरी, चपाती फुगो न फुगो.

प्रेअरीवासी
पुण्याच्या आघारकर संस्थेचा एमएसीएस ४०२८ कोणी पेरलाय का? बन्सीसारखा ड्युरम, म्हणजे रव्या-शेवयांचा कडक गहू, १०२ दिवसांत तयार, प्रथिनं १४.७ टक्के.

नांगरफाळ
कोरडवाहूचा आहे तो. हेक्टरी १९.३ क्विंटल, म्हणजे एकरी पावणेआठ. मी बागायतीत अठरा काढतो. दहा क्विंटलचा फरक तुम्ही कॅनडातून मनीऑर्डरनं पाठवा, उद्या पेरतो.

आजीची चूल
सहाबी, रात्री झोप मलाही लागली नाही. मुलीला बसवून तुमचा तो २००६ चा पेपर वाचून घेतला. जंगली एमरच्या सगळ्या नमुन्यांत जीन चालू. ड्युरमच्या ५७ वाणांत एकातही नाही. आणि लागवडीच्या एमरच्या १९ नमुन्यांपैकी १७ मध्ये चालू! लागवडीचा एमर म्हणजे आमची खपलीच ना? हे वाक्य तुमच्या लांबलचक धड्यात कुठे दिसलं नाही. पान फाटलं होतं का?

सहाबी
...
हो. लागवडीचा एमर म्हणजे खपली. १९ पैकी १७ हेही बरोबर. प्रत्येक खपलीत असेलच असं नाही, आणि हरितक्रांतीनं मारला हे चूक ते चूकच, तो ड्युरम आणि साध्या गव्हातून फार आधी गेला. पण 'खपलीत काहीतरी आहे जे लोकवनात नाही' एवढ्यापुरतं तुमच्या सासूबाईंचं पोट माझ्याआधी बरोबर होतं. हे लिहिताना बोटं दुखतायत.

आजीची चूल
शेक घ्या.

कणीकतिंबी
खपलीची पोळी लाटून दाखवा मग बोला. कडेनं चिरा पडतात.

आजीची चूल
खपलीची खीर करायची असते. पोळी नाही.

नांगरफाळ
चूलताई, खपलीला भाव दुप्पट मिळतो ऐकलंय. पण दाण्याचं टरफल निघत नाही साध्या मळणीत. सोलून कुठं देतात?

आजीची चूल
आमचा माल निपाणीकडे जातो. नंबर व्यक्तिगत निरोपात टाकते. आणि युरिया नका मारू त्याच्यावर, उंच वाढतो, आडवा पडेल.